हमीपत्राआड लपता येणार नाही

उत्सव मंडळांचा, तर जोखीमही मंडळांचीच. श्रावणात रस्त्याकडेला बांबू उतरू लागले की हा युक्तिवाद हमखास कानावर येतो. वॉर्ड ऑफिसात, सोसायट्यांच्या सभांत, वाचकांच्या पत्रव्यवहारात. सोबतचा उपायही ठरलेला असतो. प्रत्येक मंडळाला विमा सक्तीचा करा. पॉलिसी नसेल तर मंडप नाही, हंडी नाही, मिरवणूक नाही. मंडळाकडून हमीपत्र लिहून घ्या आणि करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या महापालिकेला या कटकटीतून मोकळं करा.

असं म्हणणाऱ्यांचा त्रास खरा आहे. अडलेला रस्ता, कानठळ्या बसवणारे ढोल आणि डीजे, अडकून पडलेली रुग्णवाहिका हे सगळं त्यांनी सोसलेलं असतं. त्यांना उत्सवद्वेष्टे ठरवून हा वाद जिंकता येणार नाही. विमा हवा, या त्यांच्या म्हणण्याशी माझं भांडणही नाही. भांडण आहे ते ‘मोकळं करा’ या मागणीशी. महापालिका या जबाबदारीतून मोकळी होऊ शकत नाही, होता कामा नये. आणि झालीच, तर उत्सवात जखमी होणाऱ्या माणसाच्या हाती काहीच उरणार नाही.

आधी हमीपत्राचं पाहू. मंडपाच्या परवानगीसाठी मंडळं ते देतात. अटी पाळू, काही बरंवाईट घडलं तर आमची जबाबदारी, असा त्याचा आशय. वाचायला भक्कम वाटतं. पण हा कागद पालिका आणि मंडळ या दोघांमधला आहे. मंडपाची कमान ज्याच्या डोक्यात पडते, त्या वाटसरूनं त्यावर सही केलेली नसते. दोघांनी आपसात काय लिहून ठेवलं, यामुळे तिसऱ्याचा हक्क बुडत नाही. शिवाय १८७२च्या करार कायद्याप्रमाणे नुकसानभरपाईच्या हमीचा अर्थच असा, की एकाला सोसावं लागलेलं नुकसान दुसऱ्यानं भरून द्यायचं. पालिकेला मुळात काही देणंच लागत नसेल, तर ती हमी कशाबद्दल घेते? हमीपत्र मागणारी पालिका आपल्यावर दावा होऊ शकतो हे कबूलच करत असते.

आणि हमी देतो कोण? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली मोठी मंडळं सोडली, तर गल्लीबोळातली कित्येक मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली वर्गणीची तात्पुरती परवानगी काढतात आणि उत्सव करतात. अनंत चतुर्दशीला डेकोरेटरचं, बॅंजोवाल्याचं आणि ट्रॉलीचं बिल चुकतं केलं की गल्ला रिकामा. अशा मंडळाविरुद्ध न्यायालयानं २० लाखांचा हुकूमनामा दिला, तरी वसूल काय करणार? बाप्पाचा पाट? फौजदारी गुन्हा नोंदवता येईल, अध्यक्ष आणि खजिनदाराला कोठडीत टाकता येईल. त्यानं समाजाचा राग शमेल. मोडलेल्या कंबरेच्या शस्त्रक्रियेचा खर्च भरून निघणार नाही.

आता ‘उत्सव मंडळांचा’ हे गृहीतक. रस्ता मंडळाचा नाही, शहराचा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८च्या कलम ३१७ प्रमाणे सणासमारंभासाठी रस्त्यावर तात्पुरती उभारणी करायची, तर महापालिका आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि तिला पोलीस आयुक्तांची सहमती लागते. मंडपाची जागा पाहायची, अग्निशमनाच्या अटी घालायच्या, मिरवणुकीचा मार्ग ठरवायचा, वाहतूक वळवायची, चौपाट्यांवर तराफे आणि जीवरक्षक ठेवायचे, ही सगळी कामं सार्वजनिक यंत्रणांची. मंडळ उत्सव करतं. तो कुठे, केवढा आणि कोणत्या अटींवर होणार हे शहर ठरवतं. ज्याच्या हाती होकार-नकार आहे, त्याला प्रेक्षक म्हणता येत नाही.

राज्य सरकारनं तर पुढचं पाऊल टाकलंय. २०२५च्या जुलैमध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सव’ घोषित करण्यात आलं. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. श्रेय घ्यायची वेळ येते तेव्हा उत्सव महाराष्ट्राचा. अपघात झाला की ‘त्या मंडळाचा’. ही सोय किती दिवस चालवून घ्यायची? आणि सरकारी आयोजन म्हणजे सुरक्षित आयोजन, असंही नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघातानं दगावले. आयोजक खुद्द राज्य सरकार होतं. तिथे हमीपत्र कुणी कुणाला लिहून दिलं होतं?

न्यायालयांनीही सार्वजनिक यंत्रणांचा ‘जबाबदारी आमची नाही’ हा बचाव नेहमी ऐकून घेतलेला नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळला, माणसं मेली. मनोऱ्याची मालकी आणि देखभाल महापालिकेकडे होती; १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला जबाबदार धरलं. हरियाणातल्या डबवालीत डिसेंबर १९९५ मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागली आणि ४०० हून अधिक लोक, त्यांत शेकडो मुलं, होरपळून मेली. २००९ साली उच्च न्यायालयानं भरपाईचा वाटा शाळेच्या संस्थेबरोबर सरकारी यंत्रणांवरही टाकला.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचं प्रकरण मेरठचं. १० एप्रिल २००६ रोजी तिथल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा मंडप पेटला. ६५ जणांचा बळी गेला. आयोजकांनी सांगितलं, मंडप कंत्राटदारानं उभारला, त्याला धरा. हे आपल्याकडच्या ‘डेकोरेटरला विचारा’सारखंच झालं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो बचाव फेटाळला, आणि त्याचबरोबर अधिकाऱ्यांनी कर्तव्यात कसूर केली म्हणून राज्य सरकारलाही भरपाईत ओढलं. आयोजक ६० टक्के, सरकार ४० टक्के. ‘जोखीम मंडळांचीच’ म्हणणाऱ्यांनी हा ४० चा आकडा लक्षात ठेवावा.

प्रतिपक्षाकडे याहून चांगलं एक हत्यार आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १३ जून १९९७ रोजी ५९ जण गुदमरून मेले. उच्च न्यायालयानं परवाना देणारे पोलीस आणि महापालिका यांनाही भरपाईला जबाबदार धरलं होतं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या दोघांना वगळलं. ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या मालकांवर आणि १५ टक्के वीज मंडळावर ठेवला. म्हणजे परवाना देणारा सुटू शकतो, हे खरंच. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? उपहारच्या मागे श्रीमंत मालक तरी होते. गल्लीतल्या मंडळामागे कोण आहे? परवाना देणारा सुटणार असेल आणि परवाना घेणारा कफल्लक असेल, तर मधला माणूस मेला. उपहारच्या निकालामुळे पालिकेला विम्याची गरज उरत नाही असं नव्हे. नागरिकाला विम्याची गरज किती आहे, हेच त्यातून दिसतं.

या प्रकरणांमधला काळ मोजा. चांदणी चौक: १५ वर्षं. डबवाली: जवळजवळ १४. मेरठ: १६. जबाबदारी कोणाची याचं उत्तर आपल्या व्यवस्थेत मिळतं, पण तोवर अनाथ झालेलं पोर नोकरीला लागलेलं असतं. मुंबईत पालिकेवर दावा लावायचा, तर १८८८च्या कायद्याचं कलम ५२७ आडवं येतं: आधी महिन्याभराची नोटीस, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. प्लॅस्टरमधल्या पायानं हे सगळं कोण करणार?

म्हणून दोष कोणाचा हे ठरण्याआधी पैसे हातात पडले पाहिजेत. २०२५च्या विसर्जनावेळी साकीनाक्याच्या खैरानी रोडवर मिरवणुकीत लोंबकळणाऱ्या वीजतारेचा धक्का बसून एक जण मेला, पाच जण जखमी झाले. दोष कोणाचा? मंडळाचा, वीज कंपनीचा, मार्ग मंजूर करणाऱ्यांचा? या प्रश्नावर वकील दहा वर्षं भांडू शकतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जण मेले, तेव्हाही पहिले कित्येक दिवस जागा कोणाच्या ताब्यातली आणि परवानगी कोणी दिली यावरच खल चालला. अशा वेळी मुख्यमंत्री सहायता निधीतून मदत जाहीर होते, हे मान्य. पण ती कृपा आहे. कधी मिळते, कधी नाही. बातमी मोठी झाली तर लवकर, छोटी राहिली तर विसरली जाते. हक्क मागायला मथळा लागत नाही.

विमा सक्तीचा केला की हे सुटेल, असं समजणाऱ्यांनी आज जो विमा उतरवला जातो तो कशाचा असतो, तेही पाहावं. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळानं २०२५ साली ४७४ कोटींहून अधिक रकमेचं संरक्षण घेतलं आणि त्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्यात ३७५ कोटी होते स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक यांच्या व्यक्तिगत अपघात विम्याचे, ६७ कोटी सोन्या-चांदीच्या दागिन्यांसह ऐवजाचे. सार्वजनिक दायित्वाचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या त्रयस्थांना इजा झाली तर कामी येणारा भाग ३० कोटींचा. हे मंडळ दक्ष आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण जिथे पैसा आणि व्यवस्था दोन्ही आहेत तिथे हे प्रमाण, तर कोपऱ्यावरच्या मंडळाकडून कोणती पॉलिसी येईल? ‘विमा सक्तीचा’ एवढंच लिहिलंत, तर स्वस्तातली स्वस्त पॉलिसी निघेल, वॉर्ड ऑफिसच्या फायलीत तिची झेरॉक्स लागेल, आणि मूर्ती-मुकुट सुरक्षित असताना रस्त्यावरचा माणूस उघडा राहील.

गोविंदांचंही तसंच. २०२३ साली राज्य सरकारनं ५० हजार गोविंदांचा माणशी ७५ रुपयांच्या हप्त्यानं विमा उतरवला. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर नेली. मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख. चांगलं पाऊल, आणि सरकारनं मनात आणलं तर एकगठ्ठा विमा किती स्वस्तात निघतो याचा हा पुरावाही. पण हे संरक्षण नोंदलेल्या गोविंदाचं आहे. १६ ऑगस्ट २०२५ रोजी मानखुर्दमध्ये ३२ वर्षांचा तरुण मेला तो थरावरून पडून नाही, हंडीचा दोर बांधताना. त्याच महिन्यात दहिसरला सरावादरम्यान ११ वर्षांचा मुलगा पडून गेला. १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत घ्यायचं नाही असं २०१७ सालीच उच्च न्यायालयापुढे ठरलेलं असताना तो वर चढवला गेला. दोर बांधणारा, थर कोसळताना खाली सापडणारा, गच्चीचा कठडा तुटून पडणारा बघ्या: यांची नावं कुठल्या यादीत घालणार? उत्सव यादी पाहून माणूस निवडत नाही.

मग करायचं काय? उत्सवातल्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसासाठी त्रयस्थ विम्याची एकच मोठी पॉलिसी महापालिकेनं स्वतःच्या नावानं घ्यावी आणि एक खिडकीतून परवानगी मिळालेलं प्रत्येक मंडळ आपोआप तिच्यात यावं. हप्त्यातला मंडळाचा वाटा त्याच्या आकाराप्रमाणे. वीस फुटी मंडपात दहा खुर्च्या मांडणाऱ्याला नाममात्र. लाखोंची गर्दी खेचणाऱ्या आणि कमानीवर जाहिराती लावणाऱ्याला त्याच्या जाहिरातींच्या उत्पन्नानुसार. लाखांची बक्षिसं लावून हंडी बांधणाऱ्या राजकीय आयोजकाला सर्वांत जास्त. त्याला ते जड जाणार नाही. उरलेली रक्कम पालिकेची, कारण रस्ता तिचा आहे.

या पॉलिसीचे नमुने आपल्या कायद्यात तयार आहेत. मोटार वाहन कायद्यात कलम १६४ प्रमाणे मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, दोष कोणाचा हे सिद्ध न करता मिळतात. भोपाळनंतर आलेल्या १९९१च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचं तत्त्वही हेच. पण तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांपुरता आहे, उत्सव त्यात बसत नाहीत. दुसरं तत्त्वही मोटार दाव्यांतलंच: आधी भरपाई, मग वसुली. चालकाकडे परवाना नव्हता म्हणून विमा कंपनीनं जखमीला वाऱ्यावर सोडायचं नसतं. कंपनी पैसे देते आणि मागाहून मालकाकडून वसूल करते. मंडपाच्या उंचीची अट मोडली, लहान मुलाला थरावर चढवलं, तर वसुली आयोजकाकडून जरूर करा. पण अट मोडली मंडळानं आणि दावा फेटाळला वाटसरूचा, हा उफराटा न्याय नको.

आक्षेप माझ्या कानावर आहेत. पहिला: करदात्याचा पैसा उत्सवावर का? हा पैसा उत्सवावर जात नाही, करदात्यावरच जातो. जखमी होणारा वाटसरू, गॅलरीतून मिरवणूक पाहणारी आजी, कामावरून परतणारी परिचारिका हेच तर करदाते. २०२५-२६चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता; ७५ रुपयांत एका गोविंदाचा विमा निघतो, तिथे हा खर्च परवडत नाही असं म्हणणं पटणारं नाही. शिवाय पालिका उत्सवाचा हिशेब ठेवत नाही असं कुठे आहे? २०२५ साली मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे १५ हजार दंड लावायचं तिनं ठरवलं होतं. ओरड झाल्यावर तो पुन्हा २ हजारांवर आला. रस्त्याला पडलेल्या भोकाची किंमत पालिकेला ठाऊक आहे. त्याच रस्त्यावर मोडलेल्या पायाचीही तिनं ठरवावी.

दुसरा: विमा आला की मंडळं बेफिकीर होतील. आज विमा नाही म्हणून ती दक्ष आहेत काय? उलट, ज्याच्या खिशातून भरपाई जाते तोच तपासणी करतो. पॉलिसी पालिकेच्या नावावर असेल आणि अपघातांगणिक पुढच्या वर्षीचा हप्ता वाढणार असेल, तर मंडपाची पाहणी टेबलावरून होणार नाही. विमा कंपनीही आपला अभियंता पाठवेल. त्याला ‘सगळं ओके आहे साहेब’ म्हणून परतवता येत नाही.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा, मंडळांचा: हा आमच्या सणांवरचा नवा कर आहे. नाही. रस्ता एकच आहे. तोच नियम ईदच्या जुलुसाला, माहीमच्या उरुसाला, वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीला. कर म्हणायचाच तर तो आज लागू आहे, आणि तो भरतो गरीब कार्यकर्ता. अपघात झाला की पोलीस ठाण्यात तोच उभा राहतो, बॅनरवर फोटो असलेला नेता नव्हे. मंडळांच्या समन्वय समित्यांनी या योजनेला विरोध करण्याऐवजी ती पहिल्यांदा मागावी.

चौथा: परदेशात बघा, आयोजकच विमा काढतो. बघूच. अमेरिकेत गणेशोत्सवासाठी शाळेचं सभागृह भाड्यानं घेणाऱ्या महाराष्ट्र मंडळांकडून विम्याचं प्रमाणपत्र मागितलं जातं, हे खरं. पण तिथल्या अनेक शहरांनी आणि सभागृहांनी छोट्या आयोजकांना दिवसापुरती पॉलिसी आपल्याच व्यवस्थेतून विकत घेता येईल अशी सोयही केली आहे. शहर ‘आणा’ म्हणतं आणि ‘इथे मिळेल’ही म्हणतं. ब्रिटनमध्ये सरकारी मार्गदर्शन असं, की गल्लीतल्या छोट्या समारंभाला सार्वजनिक दायित्व विम्याची सक्ती नाही. सक्ती करा आणि हात झटका, हा धडा तिथूनही मिळत नाही.

मुंबईपुरता हा प्रश्न नाही. २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेत शेकडो भाविक चेंगरून आणि होरपळून मेले. २० वर्षांनी, मे २०२५ मध्ये गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत पुन्हा चेंगराचेंगरी झाली. दर वेळी चौकशी समिती, दर वेळी मदतीची घोषणा. भरपाईचा कायदा मात्र झाला नाही. तो करायला विधिमंडळाला कोणी अडवलेलं नाही. मुंबई पालिकेला तर कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. परवानगीच्या अर्जात एक कलम आणि अर्थसंकल्पात एक शीर्ष, एवढं पुरे.

पुढच्या गणेशोत्सवाच्या परवानग्या सुरू होण्याआधी महापालिकेनं हे दोन्ही करावं. आणि तोवर, हमीपत्रावर मंडळाची सही घेताना, त्याखाली आयुक्तांचीही घ्यावी.